जिंकणार म्हणायचे की हरणार? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांनी आपापल्या पक्षांची नावे लिहिली होती. ती मी गाळली आहेत, आणि गाळल्यानंतर कोणते पत्र कोणत्या पक्षाच्या समर्थकाचे, हे मलाही ओळखता आले नसते.

प्रश्न : मी गेली बावीस वर्षे एका पक्षाचे काम करतो. निवडणूक जाहीर झाल्यावर झालेल्या बैठकीत प्रत्येकाने आपापल्या भागाचा अंदाज सांगायचा होता. एकेक जण उठून ‘आपल्याला मताधिक्य आहे’ असे सांगत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी एवढेच म्हणालो, की मागच्या वेळी आपल्याला घरात बसवून बोलणारी काही कुटुंबे या वेळी दार अर्धेच उघडतात. त्यावर ‘कार्यकर्त्यांचे मनोधैर्य खच्ची करू नका’ असे मला सुनावण्यात आले, आणि बैठक संपल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने हसत हसत विचारले, ‘तुम्ही अजून आपलेच ना?’ निराशेचा सूर लावणे म्हणजे पक्षाशी गद्दारी करणे आहे का?

उत्तर : नाही. परंतु आपल्या सहकाऱ्याला तसे का वाटले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याने आपल्याला विचारलेला प्रश्न अंदाजाविषयीचा नव्हताच. समर्थकांच्या बैठकीत ‘कोण जिंकेल?’ हा प्रश्न वरकरणी माहिती मागणारा दिसतो आणि प्रत्यक्षात शपथ मागणारा असतो. ‘आपणच’ हे त्याचे अपेक्षित उत्तर, आणि ते किती ठामपणे दिले यावरून माणसाची निष्ठा मोजली जाते. आपण त्या शपथेच्या जागी माहिती दिलीत, म्हणून ती ऐकणाऱ्यांच्या कानाला खटकली.

ही वृत्ती किती खोलवर जाते, याचा एक बोलका दाखला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात लोकांना आपल्या आवडत्या उमेदवाराच्या किंवा संघाच्या विरोधात पैज लावण्याची संधी देण्यात आली. पदरचे काही घालायचे नव्हते, म्हणजे आपली बाजू हरली तर निदान खिशात काही रक्कम पडेल एवढाच त्या पैजेचा अर्थ होता. तरीही अनेकांनी ती नाकारली. हिशेबाने पाहिले तर हा सरळ तोटा आहे, पण त्यांच्या मनात तो हिशेब नव्हताच. आपल्या माणसाच्या पराभवातून आपल्याला चार पैसे मिळावेत, ही कल्पनाच त्यांना बेइमानीची वाटली. याच्या जोडीला २०१५ मधला एक अभ्यास ठेवावा. अर्थव्यवस्थेसारख्या विषयांवरील साध्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांना दोन पक्षांचे समर्थक वेगवेगळी उत्तरे देतात, हे जुनेच निरीक्षण आहे. बरोबर उत्तराला थोडे पैसे मिळतील असे सांगताच या उत्तरांमधले अंतर बरेच कमी झाले. याचा अर्थ, समर्थक जे ठासून सांगतात ते सगळे त्यांना खरोखर वाटत असते असे नाही, त्यातला काही भाग नुसता जयघोष असतो. आपल्या बैठकीत उठून उभे राहिलेल्यांपैकी किती जणांना मनातून तसे वाटत होते, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

जयघोष सभेत शोभतो. तो आकडा म्हणून कागदावर उतरला की मात्र अडचण सुरू होते. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातातली मतदार यादी डोळ्यांसमोर आणा. कडा दुमडलेल्या, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या त्या पानांवर आपल्या माणसाच्या नावापुढे बरोबरची खूण असते, विरोधकाच्या नावापुढे फुली असते, आणि कुंपणावरच्या मतदारापुढे प्रश्नचिन्ह असते. दार उघडणारा गृहस्थ भला असतो. दारात आलेल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो ‘हो हो, यंदा तुम्हालाच’ म्हणतो. कार्यकर्ता बरोबरची खूण करतो. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता येतो, त्यालाही तेच उत्तर मिळते आणि तीच खूण होते. एका निवडणुकीनंतर, वैर निवल्यावर, माझ्या ओळखीच्या दोन विरोधी कार्यकर्त्यांनी आपापल्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या, तेव्हा एकामागून एक घरांवर दोन्ही याद्यांत बरोबरचीच खूण निघाली. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांनीही वर कळवलेला अंदाज खोटा होता. पुढे हा अंदाज विभागप्रमुखाकडे जातो. तो प्रश्नचिन्हांतली निम्मी आपल्याकडे वळवतो, कारण त्यालाही वरच्याला तोंड दाखवायचे असते. अशा दोन-तीन पायऱ्या चढेपर्यंत भुईवरची शंका वरच्या मजल्यावर खात्री होऊन पोहोचते.

२००४ मधील आपल्या लोकसभा निवडणुकीचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्ये जिंकल्यावर तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने निवडणूक मुदतीच्या काही महिने आधीच घेतली, ‘इंडिया शायनिंग’चा प्रचार जोरात झाला, मतदानोत्तर चाचण्यांनीही बहुधा त्याच आघाडीचे पारडे जड दाखवले, आणि निकालात भाजप १३८ तर काँग्रेस १४५ जागांवर आली. तीन राज्यांचा विजय खरा होता, म्हणजे ती आशा हवेतून आलेली नव्हती. पण सगळेच आशेने बोलत असताना विरुद्ध बातमी सांगणाऱ्याचा आवाज किती वरपर्यंत पोहोचत असेल, याची कल्पना आपल्या बैठकीवरून आपण करू शकता.

आता थोडे आपल्याविषयी. निराशावाद्यांतही एक जात अशी असते, जी पराभवानंतर ‘मी आधीच म्हणालो होतो’ हे म्हणता यावे म्हणून आधी म्हणून ठेवते. आपण त्यांतले नाही असे मला वाटते, कारण आपण ‘आपण हरणार’ असे म्हणाला नाहीत, ‘दार अर्धे उघडते’ असे म्हणालात. ही पत्ता असलेली शंका आहे. पुढच्या बैठकीत अंदाज सांगूच नका. कोणती घरे, केव्हापासून, दारात उभे राहून नेमके काय म्हणतात, पाण्याविषयी बोलतात की उमेदवाराविषयी, एवढेच सांगा. अंदाजावर निष्ठेची परीक्षा घेता येते, निरीक्षणावर ती घेणे अवघड जाते. आणि सहकाऱ्याने पुन्हा विचारले, तर ‘आपला आहे म्हणूनच सांगतो’ हे उत्तर पुरेसे आहे.

प्रश्न : मी कार्यकर्ता नाही, साधा समर्थक आहे. दर निवडणुकीत मला अगदी मनापासून वाटते की आमचाच पक्ष येणार. माझ्या ओळखीतले सगळेही तेच म्हणतात. निकाल लागला की मी तोंडावर आपटतो. एवढे चुकूनही पुढच्या वेळी तीच खात्री कुठून येते?

उत्तर : आपण एकटे नाही. अमेरिकेत १९३२ मध्ये रूझवेल्ट आणि हूवर यांच्या अध्यक्षपदाच्या लढतीपूर्वी विचारणा झाली, तेव्हा रूझवेल्ट यांच्या समर्थकांपैकी ९३ टक्क्यांना रूझवेल्ट जिंकतील असे वाटत होते, आणि हूवर यांच्या समर्थकांपैकी ७३ टक्क्यांना हूवर. महामंदी ऐन भरात होती, बँका बुडत होत्या, आणि तरीही दर चार हूवर समर्थकांत जवळजवळ तिघांना विजयाची आशा होती. हूवर यांना ४८ पैकी सहा राज्ये मिळाली. पुढे १९५२ ते १९८० या काळातील अमेरिकी निवडणुकांची आकडेवारी तपासणाऱ्या अभ्यासकांनाही असेच आढळले, की आपलाच उमेदवार जिंकेल असे मानणारे आणि तो हरेल असे मानणारे यांचे प्रमाण साधारण चारास एक होते.

यातला काही भाग निव्वळ मनाचे मांडे, पण सगळा नाही. आपल्या पत्रातले ‘माझ्या ओळखीतले सगळे’ हे शब्द पाहा. माणसे आपल्यासारख्याच माणसांत उठतात-बसतात, म्हणून त्यांना दिसणारा पुरावा खरा असूनही एकाच बाजूचा असतो, आणि तो कितीही वाढवला तरी एकाच बाजूचा राहतो. १९३६ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका धाडून तेवीस लाखांहून अधिक लोकांची मते गोळा केली होती आणि लँडन हे उमेदवार रूझवेल्ट यांना हरवतील असे जाहीर केले होते. नावे घेतली होती ती दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि त्या काळी हे दोन्ही बाळगणारा वर्ग वेगळा होता. शिवाय ज्यांना रूझवेल्ट यांचा राग होता तेच उत्साहाने उत्तरे पाठवत होते. लँडन यांना दोन राज्ये मिळाली. तेवीस लाखांची ही गत, तर आपल्या ओळखीतल्या पन्नास-शंभर जणांचे काय घेऊन बसलात?

तरी एक गंमत सांगतो. एकेकट्या समर्थकाचा अंदाज असा वाकडा असूनही, पुष्कळांचे अंदाज एकत्र केले की ते उपयोगी पडतात. डेव्हिड रॉथशील्ड आणि जस्टिन वुल्फर्स या अभ्यासकांनी अमेरिकेतील अनेक दशकांची माहिती तपासून दाखवले, की ‘तुम्ही कोणाला मत देणार?’ आणि ‘कोण जिंकेल असे तुम्हाला वाटते?’ या दोन प्रश्नांची उत्तरे जिथे वेगळी पडतात, तिथे बहुतेक वेळा दुसरा प्रश्न खरा ठरतो. पहिल्या प्रश्नाला माणूस एका मताची माहिती देतो. दुसऱ्याला उत्तर देताना तो नकळत आपल्या घरातल्यांची, शेजाऱ्यांची आणि कामावरच्या सोबत्यांचीही देतो.

म्हणून स्वतःच्या खात्रीपेक्षा तिच्यातला बदल पाहावा. खात्री आपल्याला दर वेळी असतेच, तिला काही अर्थ नाही. मागच्या वेळी आपल्याच बाजूने हिरिरीने वाद घालणारा मित्र या वेळी विषय बदलू लागला असेल, तर त्याला अर्थ आहे.

प्रश्न : मी एका उमेदवाराच्या प्रचाराचा मजकूर लिहिते. ‘आपला विजय निश्चित आहे’ असे लिहावे, असे उमेदवारांचे म्हणणे आहे. माझ्या मते ‘लढत अटीतटीची आहे, एकेक मत मोलाचे आहे’ असे लिहावे. कोणाचे बरोबर?

उत्तर : शास्त्र दोघांनाही थोडे थोडे देते. विजयी दिसणाऱ्याच्या मागे लोक जातात, हा एक परिणाम आहे, आणि हरणाऱ्याविषयी कणव येऊन काही मते त्याच्याकडे वळतात, हा दुसरा. अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५४ मध्येच या दोहोंचा एकत्र विचार मांडला होता. पहिल्याच्या बाजूने जनमताच्या जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांचे पश्चिम जर्मनीतील १९६५ च्या निवडणुकीचे निरीक्षण नेहमी सांगितले जाते. कित्येक महिने दोन मोठ्या पक्षांना मत देऊ इच्छिणाऱ्यांची संख्या जवळपास सारखी होती, पण त्यांपैकी ख्रिश्चन डेमोक्रॅट जिंकतील असे मानणाऱ्यांची संख्या मात्र वाढत गेली, आणि अखेरच्या दिवसांत मतेही त्याच दिशेला झुकली. आपली बाजू हरते आहे असे वाटणारे बोलेनासे होतात, ते बोलत नाहीत म्हणून ती आणखीच हरताना दिसते, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण गप्प झालेला समर्थक ज्याने पाहिला आहे त्याला तो अगदीच खोटा वाटणार नाही.

म्हणजे आपल्या उमेदवारांची भीती अनाठायी नाही. ‘आपण मागे आहोत’ हा सूर कोणालाच परवडत नाही. पण ‘निश्चित’ हा शब्द मी लिहिणार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता काही संकेतस्थळे ९० टक्क्यांच्याही वर दाखवत होती. उमेदवारी मिळाल्यानंतरच्या प्रचारात त्या विस्कॉन्सिन राज्यात एकदाही गेल्या नाहीत आणि ते राज्य सुमारे तेवीस हजार मतांनी गमावले. अशा टक्केवारीचा मतदारावर काय परिणाम होतो, याचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विजयाची शक्यता आणि मतांची टक्केवारी यांत लोक गल्लत करतात, आणि एका बाजूची शक्यता फार मोठी दाखवली की मतदानाचा उत्साह ओसरतो, असे त्यात आढळले.

ब्रिटनमधल्या मजूर पक्षाने तर दोन्ही सूर लावून पाहिले आहेत. १९९२ मध्ये मतदानाला आठ दिवस उरलेले असताना शेफील्डला सुमारे दहा हजार समर्थकांची सभा झाली, आणि तिथे नेत्यांची ओळख जणू ते मंत्री झालेच आहेत अशा थाटात करून देण्यात आली. निकालात प्रतिस्पर्धी हुजूर पक्षाला एक कोटी चाळीस लाखांहून अधिक मते पडली, तोपर्यंत तिथे कोणत्याही पक्षाला पडली नव्हती इतकी. त्या एका सभेने निवडणूक गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण जनमत चाचण्याही मुळातच चुकलेल्या होत्या. पण पक्षाच्या आठवणीत ती सभा काट्यासारखी रुतून बसली. पाच वर्षांनी सर्व चाचण्यांत मोठी आघाडी असूनही मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर इतके सावध वागत, की ज्येष्ठ राजकारणी रॉय जेन्किन्स यांनी त्यांना गुळगुळीत फरशीवरून मौल्यवान चिनी फुलदाणी नेणाऱ्या माणसाची उपमा दिली होती. गाफील राहू नका, हाच अखेरपर्यंतचा धोशा होता. पक्षाला ४१८ जागा मिळाल्या.

तेव्हा आपलाच मजकूर ठेवा, मात्र तो खरा असेल तरच. चुरस नसताना चुरस आहे असे दर निवडणुकीत लिहिणाऱ्या पक्षांचे पुढे कोणी मनावर घेत नाही. आणि उमेदवारांना ‘निश्चित’ हा शब्द हवाच असेल, तर तो भाषणात त्यांना स्वतःला उच्चारू द्या. छापील मजकूर निकालानंतरही लोकांच्या घरात पडून राहतो.

प्रश्न : माझे वडील एका पक्षाचे कट्टर समर्थक आहेत. निवडणूक जवळ आली की ते ‘या वेळी आपले पानिपत होणार’ असे घोकत बसतात. आम्ही धीर दिला की चिडतात. मतदानाला मात्र सगळ्यांच्या आधी जातात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर प्रत्येक निवडणुकीपूर्वी आपल्या पक्षाला किती जागा मिळतील तो आकडा ते पेन्सिलीने लिहून ठेवतात, आणि तो नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. त्यांच्या मनाला याचा त्रास होत असेल का? मी काय बोलावे?

उत्तर : ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा स्वभावाला बचावात्मक निराशावाद असे नाव दिले. त्यांचे प्रयोग विद्यार्थ्यांवर होते, मतदारांवर नव्हते, पण आपले वडील त्यांत चपखल बसतात. ही माणसे अपेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, काय काय बिघडू शकते ते मनात घोळवतात आणि त्या घोळवण्यातूनच कामाला लागतात. प्रयोगात त्यांना धीर देण्यात आला, तेव्हा त्यांची कामगिरी उलट खालावली. आपण ‘होईल सगळे ठीक’ म्हणता तेव्हा वडील का चिडतात, ते यावरून कळेल. त्यांनी मोठ्या कष्टाने रचलेली भिंत आपण पाडू पाहता.

खरी काळजी करावी ती ‘हरणारच आहोत, मग जायचे कशाला’ असे म्हणणाऱ्याची. आपले वडील रांगेत पहिले असतात, तेव्हा तो प्रकार इथे नाही. आणि निवडणुकीआधीचा निराश माणूस चुकतो तेव्हा त्याच्यासारखा सुखी कोणी नसतो. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधले मतदान संपताच युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूचे एक आघाडीचे नेते नायजेल फराज यांनीच आपली बाजू थोडक्यात हरेल असे वाटते, असे सांगून टाकले होते. पहाट होईपर्यंत ते विजयाचे भाषण करत होते. ५१.९ टक्के मते त्यांच्या बाजूने पडली होती.

त्या कागदाविषयी एक विचारतो. पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांखाली कुठे खोडरबराने पुसलेला दुसरा आकडा दिसतो का? माझा अंदाज आहे की दिसेल, आणि तो मोठा असेल. आधी मनात आले ते त्यांनी लिहिले, मग भीती वाटून पुसले, आणि निराशेचा विमा उतरवल्यासारखा कमी आकडा वर लिहिला. प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा असेल तर आपण तो पुसलेला आकडा ताडून पाहा, पण आपल्याला तो दिसला आहे हे त्यांना कळू देऊ नका.